संकर छायाचित्रण ड्रोन

संकर छायाचित्रण ड्रोन : हेलिकॉप्टरप्रमाणे हवेत जागच्या जागी स्थिर राहू शकणारे आणि साध्या विमानाप्रमाणे पंखांच्या आधारे वेगाने दूरवर जाऊ शकणारे, कॅमेरा वाहून नेणारे चालकरहित विमान. याला धावपट्टी लागत नाही. ते जमिनीवरून सरळ वर चढते, पुरेशी उंची गाठल्यावर पुढे धाव घेते, काम संपल्यावर परत येऊन उभेच खाली उतरते. ‘संकर’ हे विशेषण येथे उड्डाणाच्या दोन पद्धतींच्या मिश्रणाला लावलेले आहे. इंधन व विद्युत् अशा दोन्ही शक्तींवर चालणाऱ्या यानालाही काही वेळा हाच शब्द लावतात. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. भारत सरकारने २०२१ मध्ये केलेल्या ड्रोन नियमांत चालकरहित विमानांचे विमान, घूर्णकयान (आडव्या पातळीत फिरणाऱ्या पंख्यांवर तरंगणारे यान) व संकर यान असे तीन वर्ग केलेले असून प्रस्तुत यान तिसऱ्या वर्गात मोडते.

गरज : आकाशातून पाहण्याच्या कामात दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात. मोठा प्रदेश थोड्या वेळात पाहून व्हावा ही पहिली व एखादी विशिष्ट वस्तू निरखण्यासाठी तिच्यासमोर थांबता यावे ही दुसरी. पुणे शहराच्या नैर्ऋत्य भागातील कोथरूडचे उदाहरण घेतल्यास ही अडचण स्पष्ट होईल. एके काळी शहराबाहेरचे खेडे असलेले कोथरूड आज पुणे महानगरपालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर आहे. त्याच्या उत्तरेस वेताळ टेकडीची रांग, दक्षिणेच्या बाजूस मुठा नदीचे खोरे आणि मध्ये उंच इमारतींची गर्दी आहे. येथून धावपट्टीवरचे विमान सोडण्यास सपाट मोकळी जागा नाही. साधा चार पंख्यांचा ड्रोन एखाद्या इमारतीच्या गच्चीवरूनही उडू शकेल. परंतु टेकडीची संपूर्ण रांग किंवा नदीकाठचा लांब पट्टा पाहण्याइतकी ताकद त्याच्या विद्युत् घटमालेत सहसा नसते.

कोथरूडमधील वनाज ते गरवारे महाविद्यालय हा पुणे मेट्रोचा सु. ५ किमी. लांबीचा मार्ग ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला. अशा उन्नत मार्गाची वरून पाहणी करावयाची आहे अशी कल्पना करावी. मार्गाची एकूण स्थिती पाहण्यास वेग हवा. पण एखाद्या खांबाच्या माथ्यावर भेग दिसल्यास तेथे थांबावे लागेल. कॅमेऱ्याच्या दृष्टीनेही हा फरक महत्त्वाचा आहे. सेकंदाला १५ मी. वेगाने जाणारे यान एकहजारांश सेकंदाच्या उद्भासनकालात केवळ १.५ सेंमी. पुढे सरकते, त्यामुळे १२० मी. उंचीवरून घेतलेले चित्र भर उन्हात स्पष्ट येते. संध्याकाळच्या मंद प्रकाशात उद्भासनकाल सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका ठेवावा लागला, तर तेच यान तेवढ्या काळात ३० सेंमी. सरकते व चित्र पुसट होते. अशा वेळी स्थिर राहण्यावाचून गत्यंतर नसते.

शक्तीचा हिशोब : स्थिर राहणारे यान स्वतःचे सगळे वजन हवा सतत खाली ढकलून पेलते. पुढे जाणाऱ्या विमानाचे वजन त्याचे पंख पेलतात. एंजिनाला फक्त हवेच्या विरोधावर मात करावी लागते आणि हा विरोध चांगल्या रचनेत वजनाच्या सु. दहाव्या भागाइतका असतो. यातून पडणारा फरक एका ढोबळ गणिताने दाखविता येईल. ६ किग्रॅ. वजनाच्या आणि ४० सेंमी. व्यासाचे चार पंखे असलेल्या यानाला स्थिर राहण्यासाठी, पंख्यांतील व मोटरींतील अपव्यय धरून, सु. ७०० वॉट शक्ती लागेल. त्याच वजनाच्या पंखधारी यानास सेकंदाला १५ मी. वेगाने जाण्यास सु. १५० वॉट पुरतील. ३५० वॉट-तासांची घटमाला असल्यास पहिले यान अर्धा तास हवेत राहील व दुसरे दोन तासांहून अधिक.

वरील मेट्रो मार्गाच्या उदाहरणाला हे आकडे लावल्यास एक लक्षणीय गोष्ट दिसते. पंखांच्या आधारे ५ किमी. अंतर कापण्यास साडेपाच मिनिटे व सु. १४ वॉट-तास ऊर्जा लागते. एका खांबासमोर दोन मिनिटे स्थिर राहण्यास सु. २३ वॉट-तास लागतात. म्हणजे थांबणे हे जाण्यापेक्षा महाग आहे. संकर ड्रोनची सारी रचना या एका वस्तुस्थितीभोवती उभी आहे : स्थिर राहण्याची सोय ठेवावयाची, पण ती कमीत कमी वापरावयाची.

इतिहास : आकाशातून छायाचित्र घेण्याची कल्पना विमानापेक्षा जुनी आहे. नादार या नावाने प्रसिद्ध असलेल्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये पॅरिसजवळ फुग्यातून छायाचित्र घेतले. आर्त्यूर बात्यू यांनी १८८८ च्या सुमारास पतंगाला कॅमेरा बांधला, तर जर्मनीतील यूलिउस नॉयब्रोनर यांनी १९०७-०८ च्या सुमारास कबुतराच्या छातीवर छोटा कॅमेरा अडकविला. फुगा व पतंग एका जागी राहत, पण दूर जाऊ शकत नसत. कबूतर दूर जाई, पण सांगितलेल्या जागी थांबत नसे. पुढे विमानाने वेगाचा प्रश्न सोडविला आणि पहिल्या महायुद्धात हवाई छायाचित्रण हे लष्कराचे नित्याचे साधन बनले. थांबण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

चार घूर्णकांवर उचलले जाणारे यंत्र फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू व शार्ल रीशे यांनी १९०७ मध्ये तयार केले. ते माणसासह जमिनीपासून थोडेसे उचलले गेले, परंतु त्याचा तोल राखण्यासाठी चारही बाजूंस माणसांना ते धरून उभे राहावे लागले. एत्येन ओमिशॅन यांच्या यंत्राने १९२४ मध्ये १ किमी.चा वळसा पूर्ण केला. चार पंख्यांचे वेग क्षणोक्षणी बदलून तोल सांभाळणे हे माणसाच्या हाताबाहेरचे काम होते. म्हणून पुढील अनेक दशके हेलिकॉप्टरचा विकास प्रामुख्याने एका मोठ्या घूर्णकाच्या दिशेने झाला.

स्थिरता व वेग एकाच यानात आणण्याचे मोठे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर झाले. त्यांचे स्थूलमानाने चार मार्ग होते. पहिला मार्ग शेपटीवर उभ्या राहणाऱ्या विमानाचा. अमेरिकेतील कॉन्व्हेअर कंपनीच्या एक्सएफवाय-१ या विमानाने नोव्हेंबर १९५४ मध्ये उभे चढून, आडवे होऊन, पुन्हा उभे उतरण्याचा प्रयोग यशस्वी केला. पण उतरताना वैमानिकाला पाठीवर पडल्यासारख्या अवस्थेत खांद्यावरून मागे जमिनीकडे पाहावे लागे. ही गोष्ट सामान्य वैमानिकांकडून होण्यासारखी नव्हती व योजना सोडून देण्यात आली. दुसरा मार्ग कलत्या घूर्णकांचा. बेल एक्सव्ही-३ या यानाने १९५८ मध्ये हवेतच आपले घूर्णक वरून पुढे पूर्णपणे वळविले; १९७७ मधील एक्सव्ही-१५ व १९८९ मध्ये प्रथम उडालेले व्ही-२२ ही त्याच परंपरेतील याने होत.

तिसरा मार्ग जेट एंजिनाचा झोत खाली वळविण्याचा. ब्रिटिश हॅरिअर विमान याच तत्त्वावर बनले. त्याचा सी हॅरिअर हा प्रकार भारतीय नौदलात १९८३ मध्ये आला. गोव्यातील हंस या नौदल तळाशी त्याचा दीर्घकाळ संबंध राहिला व तेथेच ११ मे २०१६ रोजी त्याला निरोप देण्यात आला. धावत्या विमानाने समुद्रावर अलगद थांबून जहाजाच्या तक्तपोशीवर उतरावे, हे दृश्य गोवेकरांना त्यामुळे अपरिचित नव्हते. मात्र अशी स्थिर अवस्था अल्पकाळच टिकविता येई, कारण तीत एंजिनावर पराकाष्ठेचा ताण पडून इंधनही झपाट्याने संपे.

चौथा मार्ग सर्वांत सरळ होता. वर उचलण्यासाठी एक यंत्रणा व पुढे ढकलण्यासाठी दुसरी, अशा दोन स्वतंत्र यंत्रणा एकाच विमानात बसवावयाच्या. ब्रिटनमधील शॉर्ट एससी-१ या प्रायोगिक विमानात वर उचलणारी चार व पुढे ढकलणारे एक अशी पाच जेट एंजिने होती. एप्रिल १९६० मध्ये त्याने उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात व परत असे संक्रमण केले. फ्रान्समधील मिराज ३-व्ही या विमानात उचलण्यासाठीच आठ एंजिने घातली होती. दोन्ही विमाने उडाली, पण प्रत्यक्ष सेवेत कोणतेच आले नाही. उचलणारी एंजिने काही मिनिटांपुरती उपयोगी पडत व उरलेला सर्व वेळ निरुपयोगी ओझे म्हणून वाहावी लागत. हॅरिअरच्या एकाच एंजिनाने दोन्ही कामे होत असल्याने चौथा मार्ग मागे पडला.

संकर ड्रोनच्या इतिहासातील विशेष हा, की मोठ्या विमानांनी टाकून दिलेला हाच मार्ग लहान चालकरहित विमानांत मोठ्या प्रमाणावर पुन्हा स्वीकारला गेला. तंत्रविद्येच्या तीन शाखांतील प्रगती त्याला कारणीभूत ठरली. घर्षकरहित विद्युत् मोटर काही शे ग्रॅम वजनाची असूनही काही किलोग्रॅम भार उचलू शकते. म्हणून अशा चार मोटरींचे ओझे जेट एंजिनांच्या मानाने नगण्य ठरते. १९९१ पासून बाजारात आलेल्या लिथियम-आयन घटांनी कमी वजनात अधिक ऊर्जा साठविली. सूक्ष्म घूर्णी व त्वरणमापक नखाएवढ्या चकतीवर मावू लागल्याने १९०७ मध्ये चार बाजूंच्या माणसांनी जे काम केले, ते सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्ती करणारा संगणक करू लागला. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएस या उपग्रहीय मार्गनिर्देशन पद्धतीच्या नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता काढून टाकली. तेव्हापासून यानाला आपले स्थान काही मीटरांच्या आत समजू लागले.

इतर मार्गही लहान आकारात पुन्हा अजमावले गेले. यानात वैमानिकच नसल्याने शेपटीवर उभे राहणाऱ्या रचनेतील जुनी अडचण उरली नाही. गूगल कंपनीने २०१४ मध्ये जाहीर केलेला सामान पोहोचविणारा ड्रोन या प्रकारचा होता. पुढे मात्र त्या प्रकल्पाने उचलणारे व ढकलणारे पंखे वेगळे ठेवण्याची रचना पत्करली. सर्वेक्षणाच्या काही ड्रोनमध्ये शेपटीवर उभी राहणारी रचना आजही वापरतात.

महाराष्ट्रातील कार्य : या क्षेत्रातील भारतीय प्रयत्नांचा एक महत्त्वाचा धागा पुणे व मुंबई यांना जोडणारा आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या अंकित मेहता, राहुल सिंग व आशिष भट यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी स्थापन केली. २००९ मध्ये प्रदर्शित झालेल्या थ्री इडियट्स या हिंदी चित्रपटात विद्यार्थ्याने बनविलेले म्हणून जे चार पंख्यांचे उडते यंत्र दिसते, ते या मंडळींनी तयार केले होते. त्यानंतर संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या पुण्यातील दिघी येथील अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या सहकार्याने त्यांनी ‘नेत्र’ हा सु. १.५ किग्रॅ. वजनाचा, चार घूर्णकांचा टेहळणी ड्रोन विकसित केला. जून २०१३ मधील उत्तराखंडच्या महापुरात अडकलेल्या लोकांचा शोध घेण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने त्याचा उपयोग केला. नेत्राचा उड्डाणकाल सु. अर्ध्या तासाचा होता. दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या माणसांचा शोध घेताना अर्धा तास किती अपुरा पडतो, हे सांगावयास नकोच. यानास घराकडे परतण्यासाठी त्यातीलच काही भाग राखून ठेवावा लागतो.

याच कंपनीने नवी मुंबईतील महापे येथून पुढे ‘स्विच’ हा संकर ड्रोन आणला. त्याचे वजन सु. ६.५ किग्रॅ. असून तो दोन तासांच्या आसपास हवेत राहू शकतो व सु. १५ किमी. अंतरापर्यंत चित्रे पाठवू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये भारतीय सेनेने सु. २ कोटी डॉलरच्या करारान्वये या ड्रोनची मागणी नोंदविली. उंच पर्वतीय सीमेवर संकर रचनेचे महत्त्व विशेष आहे. समुद्रसपाटीपासून ५,००० मी. उंचीवर हवेची घनता सु. ४० टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे तेथे तेच वजन घेऊन स्थिर राहण्यास जवळजवळ ३० टक्के अधिक शक्ती खर्चावी लागते. शिवाय त्या भूमीवर धावपट्टी तर नाहीच, पण विमान जाळ्यात पकडण्यास वा हवाई छत्रीने उतरविण्यास योग्य अशी सपाट जागाही मिळत नाही. संरक्षण संशोधन संघटनेचे ‘निशांत’ हे आधीचे टेहळणी विमान वाहनावरील रुळावरून फेकून उडवावे लागे व हवाई छत्रीने उतरवावे लागे, हे येथे स्मरणीय आहे.

नागरी उपयोगांत भूमापनाचे स्थान पहिले आहे. महाराष्ट्रातील गावठाणांत घरांच्या जागांचे नकाशे अनेक ठिकाणी नव्हते. शेतजमिनीला सातबाराचा आधार असे, पण राहत्या घराला तसा कागद नसे. त्यामुळे घर तारण ठेवून कर्ज मिळविणे कठीण जाई व हद्दीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. ड्रोनद्वारे गावठाण मोजण्याचा प्रारंभीचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ या नावाने अशी योजना देशभरासाठी जाहीर केली. या पद्धतीत प्रत्येक मालमत्तेची हद्द प्रथम जमिनीवर चुन्याने आखतात, नंतर वरून छायाचित्रे घेतात व त्यांवरून नकाशा तयार करतात. म्हणजे हद्द ड्रोन ठरवीत नाही. ती शेजाऱ्यांच्या समक्ष चुन्याच्या रेषेने ठरते, ड्रोन तिची नोंद करतो. या कामात निरनिराळ्या प्रकारचे ड्रोन वापरले जातात. एकच लहान गावठाण असल्यास चार पंख्यांचा साधा ड्रोन पुरतो. गावे, शिवार, नदीपात्र वा महामार्ग सलग मोजावयाचा असल्यास संकर ड्रोन किफायतशीर ठरतो.

मर्यादा : दोन यंत्रणा एकत्र आल्याने दोहोंचे दोषही काही प्रमाणात एकत्र येतात. आडव्या उड्डाणात थांबलेले उचलणारे पंखे हवेला विरोध करतात. स्थिर अवस्थेत रुंद पंखांवर वारा भरतो व यान वाहवत जाऊ पाहते. पावसाळ्यातील नैर्ऋत्य वाऱ्यांत, विशेषतः टेकड्यांच्या कडेला, हा दोष प्रकर्षाने जाणवतो. उभ्या अवस्थेतून आडव्या अवस्थेत जाण्याचे काही सेकंद सर्वांत नाजूक असतात. पुरेसा वेग येण्यापूर्वी उचलणारे पंखे मंदावल्यास यान खाली कोसळते. यंत्रभाग अधिक असल्याने किंमत व देखभालही वाढते. त्यामुळे लग्नसमारंभाचे चित्रण किंवा एखाद्या इमारतीची पाहणी यांसारख्या कामांत संकर ड्रोनचा काहीच लाभ नाही.

नियमन : ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २५० ग्रॅ.पर्यंत अतिसूक्ष्म, २ किग्रॅ.पर्यंत सूक्ष्म, २५ किग्रॅ.पर्यंत लहान, १५० किग्रॅ.पर्यंत मध्यम व त्यापुढे मोठे असे वजनाचे वर्ग आहेत. हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग नकाशावर दाखविले जातात. हिरव्या विभागात साधारणतः ४०० फुटांपर्यंत (सु. १२० मी.) वेगळ्या परवानगीविना उडता येते, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची व तांबड्यात केंद्र सरकारची परवानगी लागते. कोथरूडच्या ईशान्येस लोहगावचा हवाई दलाचा विमानतळ व नैर्ऋत्येस खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी असल्याने या परिसरात उड्डाणापूर्वी नकाशा पाहणे हा केवळ उपचार नव्हे.

याहून नाजूक प्रश्न खाजगीपणाचा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. दाट वस्तीच्या उपनगरात बाराव्या मजल्याच्या सज्जासमोर स्थिर उभा राहणारा कॅमेरा व त्याच सज्जावरून वेगाने निघून जाणारा कॅमेरा यांत पाहणाऱ्याच्या दृष्टीने जो फरक आहे, तोच पाहिल्या जाणाऱ्याच्या दृष्टीनेही आहे. साध्या ड्रोनला दूरवर जाता येत नसे, पूर्वीच्या वेगवान टेहळणी विमानाला थांबता येत नसे. या दोन अक्षमतांमुळे नागरिकाला नकळत काही संरक्षण लाभलेले होते. संकर ड्रोनने त्या दोन्ही दूर केल्या आहेत. ते संरक्षण यापुढे कायद्यालाच द्यावे लागेल. सोनोरीत ज्याप्रमाणे हद्दीची रेषा आधी लोकांनी आखली व मग कॅमेरा वर गेला, त्याच क्रमाने शहरांतही कोणी, काय व किती काळ पाहावे हे आधी ठरणे इष्ट होय.